कातियेतचा रीफ : मेंतावाईतला एक आठवडा

रविवार, पाडांग

मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून तासाभरात इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं पाडांग. विमान खाली येतं तेव्हा एका अंगाला बारिसानची डोंगररांग दिसते, दुसऱ्या अंगाला हिंदी महासागर. बरोबर वेंगुर्ल्याचा मित्र. हा रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमार घरातला, पण लाटेवर उभं राहायला, म्हणजे सर्फिंग करायला, माझ्यासारखाच कर्नाटकात मुल्कीला शिकला. मुल्कीची लाट वाळूवर फुटते. पडलं तर नाकातोंडात वाळू जाते, एवढंच. आम्ही ज्या लाटेसाठी निघालो होतो ती प्रवाळाच्या खडकावर, म्हणजे रीफवर, फुटते. पुढे जे काही लिहिणार आहे त्याच्या मुळाशी हा एवढाच फरक आहे.

मेंतावाई बेटं पश्चिम सुमात्राच्या किनाऱ्यापासून साधारण दीडशे किलोमीटर समुद्रात आहेत. सिबेरुत, सिपोरा, उत्तर पागाई आणि दक्षिण पागाई ही चार मोठी, बाकी लहान लहान पुष्कळ. जगभरचे सर्फर इथे बहुधा बोट भाड्याने घेऊन येतात. बोटीवरच जेवण, बोटीवरच झोप, आणि रोज पहाटे कप्तान ठरवेल त्या लाटेवर. आम्ही वेगळं ठरवलं होतं. सिपोराच्या दक्षिण टोकाला कातियेत नावाचं गाव आहे. आठवडाभर तिथेच राहायचं, समोरचा एकच रीफ ओहोटीला चालून बघायचा आणि पाणी चढलं की त्याच्यावरून जायचं. लाट ओळखायची तर तिच्या खालचा खडक ओळखायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि खडक बोटीच्या कठड्यावरून दिसत नाही.

संध्याकाळी जेवायला पाडांगी खानावळीत गेलो. इथे काय हवं ते कुणी विचारत नाही. वाढपी हातावर बशांची चळत रचून येतो, रेंदांग, मासळीची आमटी, कसाव्याच्या पाल्याची भाजी, हिरव्या मिरचीचा सांबाल असं सगळं समोर मांडतो आणि तुम्ही ज्या बशीला हात लावाल तिचेच पैसे घेतो. रेंदांगमध्ये नारळाचं दूध आटून आटून मांसाला चिकटेपर्यंत शिजवलेलं असतं. मित्राने दोन घास खाल्ले आणि पुढचा बराच वेळ तो बोललाच नाही.

परतताना रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी बाण दाखवणाऱ्या पाट्या दिसल्या. त्सुनामी आली तर कुठल्या दिशेला पळायचं ते सांगणाऱ्या. ३० सप्टेंबर २००९ च्या भूकंपात या शहरात आणि आसपास अकराशेहून अधिक माणसं गेली. माणसं त्या पाट्यांखालीच भजी तळत होती, मुलं स्कूटरवर तिघं तिघं बसून चालली होती.

सोमवार, समुद्रावर

बातांग आराऊ नदीच्या मुखाशी मुआरोचा धक्का आहे. तिथून सिपोरावरच्या तुआपेजातला जाणारी वेगवान बोट मिळते. बोर्डांच्या पिशव्या छपरावर बांधल्या, त्यांच्या शेजारी तांदळाची पोती, अंड्यांचे ट्रे, एक मोटारसायकल आणि टोपल्यांतल्या कोंबड्या. बेटांवर जे पिकत नाही ते सगळं या बोटीतून जातं.

किनारा मागे पडला तसा समुद्राचा रंग बदलत गेला. आधी नदीचा गढूळ, मग हिरवा, मग जवळजवळ काळा निळा. मेंतावाई आणि सुमात्रा यांच्यामध्ये खोल पाणी आहे. या बेटांच्या पलीकडे, समुद्राच्या तळाशी, एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो आहे, आणि बेटं त्या वरच्या पट्टाच्या उचललेल्या काठावर बसलेली आहेत. बेटं तिथे असण्याचं कारण तेच, लाटा तशा फुटण्याचं कारण तेच आणि पाडांगच्या पाट्यांचंही तेच.

तुआपेजात हे जिल्ह्याचं ठिकाण. २०१६ पासून जिल्हा प्रशासन बाहेरून येणाऱ्या सर्फरांकडून कर घेतं. आम्ही तो भरला आणि पावती जपून ठेवली. काही जण या कराबद्दल कुरकुरतात. मला तो रास्त वाटतो. लाट फुकट असली तरी ती ज्यांच्या दारात आहे त्यांच्या दवाखान्याला, शाळेला आणि धक्क्याला पैसा लागतो, आणि इथे येणाऱ्याच्या बोर्डाची किंमत गावातल्या कित्येकांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी असते.

तिथून पुढे लहान होडी. नाखवा वयाने मोठा, त्याला आम्ही ‘पाक’ म्हणत होतो, सगळेच म्हणतात. तो सिपोराच्या पूर्व किनाऱ्याने, सियोबान गावावरून दक्षिणेला निघाला. नारळाच्या बागा, मधूनच लवंगांची झाडं, मग पुन्हा नुसतं जंगल. उन्हं कलली तेव्हा कातियेत आलं. लांबट वाळू, तिच्यामागे नारळ, त्याखाली लाकडी घरं. आमच्या मुक्कामाच्या घरची बाई दारात उभी होती. ‘आलोइता,’ ती म्हणाली. हे इथलं स्वागत. तिला आम्ही आठवडाभर इबू म्हणत राहिलो.

मंगळवार

पहाटे बोर्ड घेतलेच नाहीत. मित्र म्हणाला, ‘आधी दर्याक बघ, मगे उतर.’ चंद्र नुकताच अष्टमीचा होऊन गेलेला, म्हणजे भांगाचे दिवस, पाणी ना फार चढणार ना फार उतरणार. इथे तसाही भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या मानाने खूपच कमी, उधाणालाही जेमतेम मीटर-सव्वा मीटर. पण रीफवर एका वीतभर पाण्याने सगळा हिशोब बदलतो.

सुकती लागली तशा गावातल्या बायका कमरेला टोपली बांधून, हातात लहान जाळी घेऊन रीफवर उतरल्या. आम्ही रबरी बूट घालून त्यांच्या मागे. आतला भाग सपाट, मेलेल्या प्रवाळाचा, त्यावर शेवाळ आणि काळे समुद्रकाकडीचे जीव. बायका दगड उलटून बघायच्या, शिंपले आणि खेकडे वेचायच्या आणि दगड पुन्हा होता तसा ठेवायच्या. प्रत्येक वेळी. मित्राने माझ्याकडे बघून मान हलवली. त्याची आजीही मुळे, म्हणजे शिंपल्या, काढताना असंच करायची म्हणे.

बाहेरच्या काठाकडे जिवंत प्रवाळ सुरू होतं. हरणाच्या शिंगांसारखे फाटे असलेलं एक, बोट लावलं तर चिरेल असं. काठ एका रेषेत जात नाही. गावाच्या टोकाला तो बाहेर आलेला आहे आणि तिथून आत वळत वळत खोल पाण्यापर्यंत जातो. दक्षिणेकडून येणारी लाट या टोकाला अडते, वळते, आणि मग काठाच्या वळणाबरोबर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने फुटत जाते. सगळी एकदम कोसळत नाही. म्हणूनच तिच्यावरून माणूस जाऊ शकतो. आम्ही त्या वळणावर उभं राहून बराच वेळ नुसतं बघितलं. जिथे लाट संपते तिथे रीफचा एक उंचवटा आहे, ओहोटीला तो उघडाच पडतो. सर्फर त्याला सर्जन्स टेबल, शस्त्रक्रियेचं टेबल, म्हणतात, आणि आपण त्यावर कसे पोचू शकतो हे तिथे उभं राहिल्यावर लगेच कळलं.

या लाटेचं नाव लान्सेस राइट. हॉलो ट्रीज असंही म्हणतात. लान्स नाइट नावाचा ऑस्ट्रेलियन सर्फर १९९१ मध्ये इथे पोचला आणि कातियेतच्या लोकांकडे राहून एकटाच या लाटेवर जात होता. तेव्हाच मार्टिन डेली या कप्तानाची ‘इंडीज ट्रेडर’ ही बोट टोकाला वळसा घालून आली. डेलीचा धंदा बुडालेल्या जहाजांवरचा माल काढायचा, आणि त्याच बोटीतून तो आणि त्याचे मित्र लाटा शोधत हिंडत. लाटेला त्यांनी लान्सचं नाव दिलं. गावातल्या लोकांना ती लाट अर्थातच त्याआधीपासून माहीत होती. होडी कुठून काढायची आणि कुठून अजिबात काढायची नाही हे त्यांना तिच्यामुळेच ठरवावं लागतं.

दुपारनंतर पाणी चढल्यावर उतरलो. कमरेएवढ्या, गुळगुळीत लाटा. पाणी इतकं नितळ की बोर्डावर उभं राहिल्यावर खाली धावणारा खडक दिसतो, सकाळी जिथे उभे होतो तोच. आधी चालून बघितल्यामुळे मला कळत होतं की हा पांढरा पट्टा आला म्हणजे आता काठ आत वळेल, आता लाट उभी राहील. मुल्कीत असं कधीच कळत नाही. तिथली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते.

बुधवार

समुद्र झोपलेला. सकाळी लान्सेस लेफ्टवर गेलो. ती लाट टोकाच्या दुसऱ्या अंगाला, डावीकडे फुटणारी. दोन्ही लाटांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे एकीला बिघडवणारा वारा दुसरीला मानवतो. कातियेतला राहण्याचा हा मोठा फायदा. डावी लाट सौम्य आहे, वेळ देते.

बाकी दिवस इबूच्या अंगणात. चटयांवर लवंगा वाळत घातल्या होत्या, पावसाची सर आली की सगळं घर धावत सुटायचं. सर गेली की पुन्हा पसरायच्या. मी दोन्ही बोर्डांचे फिन, म्हणजे खालचे पंख, आवळले, पाय घसरू नये म्हणून लावलेलं वॅक्स खरवडून नवं लावलं. संध्याकाळी पाक आला आणि बसल्या बसल्या दक्षिणेकडे बोट दाखवून ‘ओंबाक, बसार’ म्हणाला. लाटा, मोठ्या. लाटांचा अंदाज आम्हीही पाडांगला असताना बघून ठेवला होता, त्याने कशावरून सांगितलं ते मात्र कळलं नाही. आकाश तर स्वच्छ होतं.

गुरुवार

पहाटेच आवाजाने जाग आली. आधीच्या दिवसांत लाटेचा आवाज सतत होता, आज त्यात मोठे खंड होते. बराच वेळ शांत, मग एक लांब गडगडाट, पुन्हा शांत.

हे पाणी इथलं नव्हे. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये, दक्षिणेला चाळीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात वर्षभर वादळं फिरत असतात. त्यांना अडवायला तिथे जमीन नाही. मे ते सप्टेंबर तिथला हिवाळा, तेव्हा त्यांचा जोर सर्वांत जास्त. वाऱ्याने ढवळलेलं पाणी वादळातून बाहेर पडतं तेव्हा लाटा आपोआप निवडल्या जातात. ज्यांचा पल्ला लांब त्या वेगाने पुढे निघतात, आखूड मागे राहतात. दोन शिखरांमध्ये सोळा सेकंदांचं अंतर असलेल्या लाटांचा जथा ताशी सुमारे ४५ किलोमीटरने सरकतो. चार हजार किलोमीटर कापायला त्याला जवळजवळ चार दिवस लागतात. खोल समुद्रात अशा दोन लाटांमध्ये चारशे मीटर अंतर असतं, होडीतल्या माणसाला त्या जाणवतही नाहीत. पण त्यांची हालचाल पाण्यात दोनशे मीटर खोलवर पोचलेली असते. रुंद, उथळ किनारा असेल तर तिथे तळाला घासत घासत त्यांचा जोर ओसरतो. मेंतावाईच्या या टोकाला तसं काही नाही. तळ खोलातून एकदम वर येतो आणि सगळा जोर शेवटच्या काही मीटरांत उभा राहतो.

हेच पाणी आपल्याकडेही येतं. केरळच्या किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत वारा नाही, वादळ नाही, तरी समुद्र घरांत शिरतो. तिथले मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात. त्यामागे बहुतेक वेळा याच दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटा असतात, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे इशारे आधी देते. कधी कधी ते इशारे रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत असतात. मित्राच्या घरी असा इशारा आला की होड्या वर ओढतात. आज तो त्या पाण्याच्या वाटेत अर्ध्यावर येऊन उभा होता, आणि मला वाटतं त्याला ते माझ्यापेक्षा जास्त जाणवत होतं.

सकाळी मतलई वारा. बेटावरून समुद्राकडे वाहणारा, हलका, ओल्या पानांचा वास असलेला. या वाऱ्याने लाटेचा चेहरा तासल्यासारखा होतो आणि तिचं शिखर जरा उशिरा कोसळतं. खोल पाण्याच्या वाटेने वळसा घालून बाहेर गेलो. लाटा आता डोक्याहून उंच होत्या. आधी दोघांनी बोर्डावर बसून काही जथे जाऊ दिले. टोकावरचं वाकलेलं एक नारळाचं झाड आणि त्यामागच्या घराचं पत्र्याचं छप्पर एका रेषेत आले की आपण योग्य जागी. पाण्यावर खूण नसते, ती किनाऱ्यावर धरावी लागते. रापणीवाले असंच करतात.

मग एक लाट माझ्याकडे आली. हात मारले, बोर्ड उचललं गेलं, उभा राहिलो आणि खाली बघितलं तर लाटेच्या पायथ्याचं पाणी रीफवरून शोषलं जाऊन वर चढत होतं. ते बघून पोटात गोळा येतो. पण काठाचं वळण मला ठाऊक होतं. खालपर्यंत जाऊन उजवीकडे वळलो, पांढरा पट्टा खालून गेला, लाट उभी राहिली आणि तिचा माथा डोक्यावरून पुढे झेपावला. क्षणभर पाण्याचं छत, समोर उजेडाचा एक लांबट गोल, कानात आवाज असा की काही ऐकूच येऊ नये. मग पुन्हा ऊन. लाटेच्या खांद्यावरून, म्हणजे न फुटलेल्या कडेवरून, बाहेर पडून मी खोल पाण्यात बोर्डावर आडवा झालो आणि मोठ्याने ओरडलो, मराठीतच. पलीकडून मित्राने तसाच ओरडून जबाब दिला. मी ज्या ज्या समुद्रात उतरलोय त्या सगळ्यांत मला याहून सुंदर काही मिळालेलं नाही.

शुक्रवार

लाटा आणखी वाढल्या आणि बोटी आल्या. पहाटे वाळूवर आलो तेव्हा खोल पाण्यात भाड्याच्या बोटी नांगरलेल्या होत्या आणि टोकावर माणसांचा घोळका. एकाच जागेवरून, एकाच अरुंद पट्ट्यावर सगळ्यांना उठायचं असतं. बहुतेक जण समजून वागत होते, काही वागत नव्हते. दुसऱ्याच्या लाटेवर उडी टाकणं वाळूवर उद्धटपणा ठरतो. इथे त्यामुळे एखाद्याचं डोकं फुटू शकतं.

आम्ही उतरलो नाही. लाट आमच्या आवाक्याबाहेर गेली होती आणि ते मान्य करण्यात कसलीच खंत नाही. बसून बघण्यातही खूप मिळतं. गावातले दोन तरुण मात्र गेले. हे लहानपणापासून इथे पोहलेले. पर्यटकांनी टाकून दिलेल्या, मोडक्या, दोन ठिकाणी रेझीनने जोडलेल्या बोर्डांवर. बोटीतले सर्फर जिथे बसले होते त्याहून ते थोडे आत, रीफच्या अगदी काठाशी बसले आणि ज्या लाटा इतरांना उशिरा दिसत होत्या त्या त्यांनी अलगद घेतल्या. त्यातला एक लाटेच्या पोटात दिसेनासा झाला, किनाऱ्यावरच्या बायकांनी बोलणं थांबवलं, आणि तो बऱ्याच पुढे हात खाली सोडून उभाच्या उभा बाहेर आला. गावाने एकच गलका केला. या दर्जाची सर्फिंग मी पडद्यावर पाहिली होती, पण तिथे तिच्यामागे त्याची आई उभी नसते.

दुपारी खारा वारा सुटला आणि बोटी निघून गेल्या. संध्याकाळी जरा उतार पडल्यावर मित्र एक चक्कर मारून आला. शेवटच्या लाटेत पडून त्याची पाठ खडकाला घासली. इबूने घरचं लिंबू आणलं, पण आधी आम्ही मऊ ब्रशने जखम साबणाने घासून स्वच्छ केली, बीटाडीन लावलं. प्रवाळाचा बारीक तुकडा आत राहिला तर या दमट हवेत जखम चिघळायला वेळ लागत नाही. लिंबू मग सरबतात गेलं.

शनिवार

पौर्णिमा जवळ आली, पाणी उधाणाला लागलं. म्हणजे ओहोटीही खोल. सकाळी समुद्र इतका मागे सरला की मंगळवारी न दिसलेला रीफ उघडा पडला. पाक आम्हाला होडीतून किनाऱ्याने थोडं पुढे घेऊन गेला, आतल्या शांत पाण्यात. तिथे मला हवं होतं ते दिसलं. पोराइटीस जातीच्या प्रवाळाचे गोल ठोकळे, वरून सपाट, मेलेले, आणि कडेने जिवंत. यांना मायक्रोॲटॉल म्हणतात.

हे प्रवाळ वर कुठपर्यंत वाढणार ते सर्वांत खालची ओहोटी ठरवते. त्याच्या वरचा भाग उघडा पडून मरतो. जमीन हळूहळू खचत असेल तर पाणी चढतं आणि प्रवाळ नव्या काठाने वर वाढतं. भूकंपात जमीन उचलली गेली तर माथा मरतो आणि वाढ खालून पुन्हा सुरू होते. दर वर्षाचं एक वलय. केरी सीह, डॅनी नातविजाजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंतावाईतले असे ठोकळे कापून त्यांच्यातून सातशे वर्षांचा इतिहास वाचला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १७९७ आणि १८३३ चे महाभूकंप त्यात आहेत, त्याही आधीचे आहेत, आणि साधारण दोनशे वर्षांनी असे भूकंप जोडीजोडीने किंवा मालिकेने येतात असं त्यातून दिसतं. १२ सप्टेंबर २००७ ला ८.४ तीव्रतेचा भूकंप झाला तो या मालिकेतलाच, असं ते म्हणतात. उत्तरेकडे, सिबेरुतच्या खाली, साठलेला सगळा ताण अजून सुटलेला नाही.

मी त्या ठोकळ्यावर हात ठेवून उभा होतो. लाटेला वळण देणारा रीफ आणि जमिनीचं हे वर-खाली होणं, दोन्ही एकच गोष्ट आहे हे वाचून माहीत होतं. हाताखाली आल्यावर ते निराळं वाटतं. नियास बेट इथून उत्तरेला आहे. तिथे २००५ च्या भूकंपात लागुंद्रीचा प्रसिद्ध रीफ उचलला गेला, आणि नंतर तिथली लाट अधिक उभी, अधिक पोकळ फुटू लागली. सर्फरांना ती आवडली. त्याच भूकंपात त्या बेटावर शेकडो माणसं मेली. एकाबद्दल बोलताना दुसरं सांगायचं राहून जातं, ते राहू नये.

संध्याकाळी इबूला २०१० च्या त्सुनामीबद्दल विचारू की नको असं झालं होतं. तीच बोलली, पाकने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. २५ ऑक्टोबर, रात्री पावणेदहाच्या सुमाराला. धक्का जोराचा नव्हता. हलत मात्र बराच वेळ राहिलं. २००७ चा धक्का याहून जास्त होता, तेव्हा काही झालं नव्हतं, म्हणून पुष्कळ जण पुन्हा आडवे झाले. ती मुलांना घेऊन डोंगराकडे गेली, कारण तिच्या सासूने हट्ट धरला. पागाईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांना पळायला वेळच मिळाला नाही. चारशेहून अधिक माणसं गेली. शास्त्रज्ञ सांगतात की त्या भूकंपात तळाचा भाग संथपणे सरकला. म्हणून जमीन कमी हादरली आणि पाणी मात्र जास्त उचललं गेलं.

तेव्हापासून घरात एक नियम आहे. हलणं लांबलं, मग ते कितीही हळू असो, तर उठायचं आणि चालायला लागायचं. कुणाला विचारायचं नाही. पहिल्याच रात्री तिने आम्हाला घरामागची पायवाट दाखवली होती, आणि आम्हाला वाटलं होतं विहीर दाखवतेय. आज तिचा अर्थ कळला. आम्ही उजेड असताना ती वाट वरपर्यंत चालून आलो.

रविवार

सकाळी गाव देवळात, म्हणजे इथे चर्चमध्ये. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, अनवाणी पाय, आणि समुद्राचा आवाज दाबून टाकणारं गाणं. पाण्यात एकही गावकरी नव्हता, म्हणून आम्हीही उतरलो नाही. असं कुणी सांगितलं नव्हतं, पण तेच योग्य वाटलं.

प्रार्थना संपल्यावर मुलं धावत वाळूवर आली. लाटा आता छातीएवढ्या, भरतीचं पाणी, ऊन. आमच्या दोन बोर्डांवर आळीपाळीने किती जण बसले ते सांगता येणार नाही. मित्र त्यांना काही शिकवायला गेला आणि थोड्या वेळाने तोच शिकत होता. एका मुलीने, असेल दहाएक वर्षांची, त्याला हाताने खूण करून सांगितलं की जथ्यातली पहिली लाट सोडायची, तिसरी घ्यायची. कारण पहिल्या दोन लाटा रीफवर पाणी आणून टाकतात आणि तिसऱ्याखाली जास्त पाणी असतं. पडलं तर लागत नाही. मी जी लाट ओळखण्यासाठी आठवडाभर खडकावर चाललो, ती या मुलीला आधीपासून अशी पाठ होती.

सोमवार

पाकची होडी पहाटे. बोर्ड मोडलं तर जोडायला आणलेलं रेझीन, फायबरचं कापड, जादा फिन, लीश म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, आणि एक बोर्ड गावातल्या मुलांसाठी ठेवलं. वापरलेलं, पण धडधाकट. जाणाऱ्या मराठी सर्फरांना माझं सांगणं आहे की हे सामान बरोबर न्याच. इथे ते विकत मिळत नाही. रोख रुपिया पाडांगलाच काढून घ्या, मलेरियाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, प्रवासाचा विमा काढताना त्यात बोटीने रुग्ण हलवायचा खर्च धरलाय का ते वाचा, कारण मोठं इस्पितळ समुद्रापलीकडे आहे. आणि रीफवर बोर्ड घेऊन जाण्याआधी एक सुकती रिकाम्या हाताने चाला, गावातल्या बायकांच्या मागे.

सिपोरावर रोकोतला २०२३ मध्ये मोठी धावपट्टी सुरू झाली. पुढे गर्दी वाढेल. पाकला वाटतं त्याच्या मुलाला काम मिळेल, आणि मी त्याच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. फक्त बोटीवरून लाट घेऊन बोटीवरच परतणाऱ्यांपेक्षा गावात राहणारी माणसं जास्त यावीत. पुढच्या वर्षी मित्र त्याच्या धाकट्या भावाला आणणार आहे. तोही रापणीवर असतो, अजून बोर्डावर उभा राहिलेला नाही. आधी मुल्की, मग इथे, असं ठरलंय.